तीन कप्प्यांची चौकट आणि हरवलेले पाच गुण

२०२३ च्या डिसेंबरात एका तालुका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हाला आला. सातवीतल्या एका मुलीने शेवग्याच्या बियांची पूड घालून ओढ्याचे गढूळ पाणी निवळून दाखवले होते. प्रयोग नवा नाही. प्रदर्शनांतून तो कोणी ना कोणी मांडतच असते. पण या मुलीने शेजारी आणखी एक पेला ठेवला होता. त्यातही तेच गढूळ पाणी होते, मात्र पूड घातलेली नव्हती. "हा कशाला?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "नाहीतर पाणी पुडीमुळे निवळलं की नुसतं ठेवल्यामुळे, ते कसं कळणार?" तुलनेसाठी असा दुसरा पेला ठेवावा लागतो, हे महाविद्यालयातल्या मुलांना पटवताना आमची दमछाक होते. आम्ही तिला 'वैज्ञानिक पद्धत' या सदराखाली दहापैकी आठ गुण दिले.

संध्याकाळी निकालाची यादी पाहिली, तर तिथे तीन होते.

त्या वर्षी गुण कागदावर न लिहिता मोबाइलवरील एका ॲपमध्ये भरायचे होते. आमच्याबरोबरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी जुन्या सवयीने आपल्या डायरीत टिपणे ठेवली होती, म्हणून ही चूक सापडली आणि दुरुस्तही झाली. पण बाईंनी टिपणे केली होती ती त्यांना आवडलेल्या प्रयोगांचीच. बाकीच्या मुलांचे गुण पडताळून पाहायला काहीच साधन उरले नव्हते.

त्या रात्री आम्ही तोच मोबाइल घेऊन बसलो आणि एका खोट्या नोंदीवर दिवसभर केलेली कृती पुन्हा पुन्हा करून पाहिली. चूक कशी झाली ते थोड्याच वेळात उलगडले. ती कशी झाली, आणि ती केवळ आमच्या बोटाची चूक होती का, याचा विचार या लेखात करायचा आहे. हजेरी, पटनोंद, मूल्यमापन अशा कितीतरी गोष्टी आज शिक्षकांना मोबाइलवर भराव्या लागतात, आणि आम्हाला भेटलेल्या चौकटीची भावंडे त्यांना जागोजागी भेटत असणार.

ती चौकट अशी होती. पडद्यावर प्रयोगांची यादी. एका नावावर बोट ठेवले की यादीच्या वर एक छोटी खिडकी उघडे. खिडकीच्या माथ्यावर तीन कप्प्यांची नावे : 'नोंद', 'गुण' आणि 'शेरा'. नावावर बोट टेकवून कप्पा बदलता येई, किंवा पान उलटल्यासारखे बोट आडवे सरकवूनही बदलता येई. 'गुण' या कप्प्यात चार सरकपट्ट्या होत्या. रेडिओचा आवाज कमी-जास्त करावा तसे त्यांवर बोट फिरवून गुण द्यायचे. तळाशी दोन बटणे : 'रद्द' आणि 'जतन'. चौकट दिसायला सुबक होती. तीन स्वतंत्र कल्पना तिच्यात एकत्र आणल्या होत्या : वर येणारी चौकट, कप्पे, आणि बोटाने सरकवणे. प्रत्येक कल्पना आपल्या जागी चांगली आहे. मग एकत्र आल्यावर बिघडले कुठे? आधी प्रत्येकीचा स्वभाव पाहू.

चौकट : एक प्रश्न, एक उत्तर

चालू काम थांबवून जी खिडकी वर येते आणि उत्तर मिळेपर्यंत मागचे काही चालू देत नाही, तिला संगणकाच्या भाषेत डायलॉग बॉक्स म्हणतात. ॲपल कंपनीच्या १९८३ सालच्या 'लिसा' आणि १९८४ सालच्या 'मॅकिंटॉश' या संगणकांपासून ती सर्वसामान्यांच्या ओळखीची झाली. तिचा स्वभाव समजून घ्यायला वर्गातलेच उदाहरण पुरेसे आहे. आपण शिकवत असतो. शिपाई दारात येऊन विचारतो, "आज किती मुलं हजर?" आपण "बेचाळीस" म्हणतो, तो जातो, आणि फळ्यावरचे अर्धे गणित पुढे सुरू होते. यात त्रास थोडा, कारण प्रश्न एक, उत्तर एक. तोच शिपाई तीन पानी तक्ता घेऊन आला आणि "आत्ता, इथेच भरून द्या" म्हणाला, तर त्याला दारात उभे राहून उत्तर देता येणार नाही. त्या कामासाठी खुर्ची-टेबल लागते. तांत्रिक भाषेत सांगायचे तर त्याला स्वतःचे पान लागते.

अशा चौकटींबाबत सावध राहायला सांगणारे लोक सुरुवातीपासूनच होते. लॅरी टेस्लर हे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात आणि पुढे ॲपलमध्ये काम केलेले संगणकशास्त्रज्ञ. मजकूर 'कापा आणि चिकटवा' ही आज सर्वांच्या हातात बसलेली युक्ती रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. एकाच कृतीचा अर्थ यंत्राच्या अवस्थेप्रमाणे बदलत असेल तर माणूस चुकणारच, या मुद्द्यासाठी ते आयुष्यभर झगडले. त्यांच्या मोटारीच्या नंबरपाटीवरदेखील 'नो मोड्स', म्हणजे 'अवस्था नकोत', असे होते. चौकट उघडणे ही अशीच एक वेगळी अवस्था आहे. ती जितकी थोडा वेळ टिकेल तितकी बरी.

कप्पे : न उघडण्याची मुभा

पूर्वी घरोघरी टेलिफोनची डायरी असे. तिच्या कडा पायऱ्यांसारख्या कापलेल्या असत आणि प्रत्येक पायरीवर एक अक्षर. जोशींचा नंबर हवा असेल तर 'ज'च्या पायरीला बोट लावायचे, पान उघडायचे. पडद्यावरील टॅब हे या पायऱ्यांचेच वंशज. १९८१ सालच्या 'झेरॉक्स स्टार' या संगणकात एखाद्या वस्तूचे गुणधर्म दाखवणारे तक्ते होते. १९९५ मध्ये आलेल्या 'विंडोज ९५' मध्ये तशाच तक्त्यांना टॅब लावलेले दिसले आणि ते जगभर पोचले.

टेलिफोन डायरीचा एक गुण फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. जोशींचा नंबर शोधताना 'प'चे पान उघडले नाही म्हणून काहीच बिघडत नाही. कप्पा करणे म्हणजेच 'हे पाहिले नाहीत तरी चालेल' अशी मुभा देणे. परीक्षेच्या गुणपत्रकाचा स्वभाव नेमका उलटा असतो. त्यातला प्रत्येक रकाना भरलाच पाहिजे. म्हणजे ज्याला 'काही सोडू नका' असे म्हणायचे आहे, त्याला आपण 'सोडले तरी चालेल' असे म्हणणारा पोशाख चढवतो.

विंडोजच्या तक्त्यांत हा विरोध पुष्कळसा खपून गेला, त्याला दोन कारणे होती. एक, त्यांतले रकाने आधीच भरलेले असत. वापरणाऱ्याने हवा तेवढा बदल करायचा. दोन, 'ओके' आणि 'कॅन्सल' ही बटणे कप्प्यांच्या बाहेर, तक्त्याच्या तळाशी असत. त्यामुळे ती सर्व कप्प्यांना मिळून लागू आहेत, हे नजरेला कळे. शिवाय तिथे माऊस होता. बोटाने काहीही आडवे सरकत नव्हते.

सरकवणे : खूण न ठेवणारी कृती

बोटाने पान सरकवण्याची सवय लागली ती २००७ चा आयफोन आणि २००८ पासून आलेले अँड्रॉइड फोन यांमुळे. अँड्रॉइडची ॲप तयार करणाऱ्यांना २०११ मध्ये 'व्ह्यूपेजर' नावाचा एक तयार भाग मिळाला. शेजारी शेजारी पाने ठेवायची आणि बोटाने सरकवून एकावरून दुसऱ्यावर जायचे, हे त्याचे काम. माथ्यावरची टॅबची पट्टी २०१५ मध्ये तयार मिळू लागली, आणि २०१९ मध्ये व्ह्यूपेजरची सुधारलेली दुसरी आवृत्ती आली. वर येणाऱ्या चौकटीसाठीही तयार भाग २०११ पासून आहेच. हे भाग एकमेकांत बसवले की आमच्यासारखी चौकट तयार होते.

सरकवण्याचा स्वभाव छायाचित्रांच्या अल्बमचा आहे. पुढे जा, मागे या, काही बदलत नाही. ही कृती हलकी आहे आणि ती मागे खूण ठेवत नाही. तिचे बटण दिसत नाही, तिचे नाव कुठे लिहिलेले नसते. डोनाल्ड नॉर्मन आणि जेकब नील्सन या दोन अभ्यासकांनी २०१० मध्येच लिहिलेल्या एका लेखात बोटांच्या हालचालींवर चालणारी साधने हे वापरसुलभतेच्या दृष्टीने मागे टाकलेले पाऊल आहे, अशी तक्रार केली होती. काय करता येईल हे दिसत नाही, आणि चुकून काय झाले तेही कळत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप. वेबवरील मजकुरासाठी जागतिक पातळीवर जे सुगम्यतेचे नियम आहेत, त्यांच्या २०१८ च्या आवृत्तीत, बोट विशिष्ट मार्गाने फिरवून जे करता येते ते साध्या स्पर्शानेही करता आले पाहिजे, असा नियम घातला गेला. ज्यांच्या हाताला कंप आहे किंवा ज्यांची बोटे नीट वळत नाहीत, त्यांचा यात विचार आहे.

पाच गुण कुठे गेले?

आता आमच्या चुकीकडे वळू. मोबाइलच्या पडद्याला बोटाचा हेतू कळत नाही. बोट कुठे टेकले, कुठे गेले आणि कधी उचलले एवढेच त्याला समजते. त्यावरून हेतूचा अंदाज बांधण्याचे काम ॲपला करावे लागते. बोट टेकल्यावर ते थोडे हलतेच. म्हणून ठरावीक अंतरापेक्षा जास्त हलले तरच 'हे सरकवणे आहे' असे मानतात. अँड्रॉइडमध्ये हे अंतर सामान्यतः ८ एकके असते. एक एकक म्हणजे इंचाचा १६० वा भाग. तेव्हा ८ एकके म्हणजे सुमारे १.३ मिलिमीटर. पाने सरकवणाऱ्या भागासाठी मात्र हेच अंतर दुप्पट, म्हणजे १६ एकके किंवा सुमारे २.५ मिलिमीटर धरतात. पान उगाच उलटू नये हा त्यामागचा चांगला हेतू.

सरकपट्टी ही त्या पानाच्या पोटात बसलेली असते. बोट नेमके तिच्यावर टेकले आणि डावीकडे निघाले, की १.३ मिलिमीटर होताच सरकपट्टी म्हणते, "हे बोट माझे." आणि आपल्याला पोटात घेणाऱ्या पानाला ती कळवते, की बोट उचलेपर्यंत तू मध्ये पडू नकोस. पान बिचारे अजून २.५ मिलिमीटर होण्याची वाट पाहत असते. शर्यत सरकपट्टी जिंकते. परीक्षकाला 'शेरा' कप्प्याकडे जायचे होते. प्रत्यक्षात त्याने जिथे बोट उचलले त्या जागेचा आकडा गुण म्हणून नोंदला गेला. आठाचे तीन झाले.

यापुढचे जास्त महत्त्वाचे आहे. पान सरकले नाही हे परीक्षकाला दिसले. त्याने काय केले? माणूस जे करतो तेच : पुन्हा एकदा, जरा वर, मोकळ्या जागेत बोट ठेवून सरकवले. या वेळी पान उलटले. ज्या पट्टीवरचा गुण बदलला होता ती पट्टी पडद्याबाहेर गेली. समोर आला 'शेरा'. शेरा लिहून त्याने 'जतन' दाबले. चूक ज्या क्षणी झाली, त्याच्या पुढच्याच क्षणी ती झाकली गेली. चूक करायला लावणारी साधने पुष्कळ असतात. चूक करायला लावून ती लगेच नजरेआड करणारे साधन अधिक धोक्याचे.

आणखी काही खाचा

खोट्या नोंदी भरता भरता त्या रात्री चौकटीचे इतरही दोष लक्षात आले. अँड्रॉइडमध्ये चौकटीच्या बाहेर बोट लागले तर ती सामान्यतः बंद होते. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. पण चौकट पडद्याच्या कडांपर्यंत पोचलेली नसते. पान सरकवायला बोट कडेकडून निघाले की ते बाहेरच टेकते आणि भरलेल्या मजकुरासकट चौकट नाहीशी होऊ शकते. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून तर, फोनवर ती पद्धत चालू केलेली असेल तर, पडद्याच्या कडेवरून आत बोट ओढणे याचा अर्थच 'मागे जा' असा झाला आहे. पान उलटणे आणि काम टाकून देणे या दोन कृतींत अंगठ्याच्या रुंदीचाही फरक उरत नाही.

दुसरी खाच उंचीची. व्ह्यूपेजर आतल्या पानाच्या मापाप्रमाणे स्वतःची उंची ठरवत नाही, आणि त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत तर प्रत्येक पानाने मिळालेली जागा पूर्ण भरलीच पाहिजे असा दंडक आहे. म्हणून ॲप बनवणारा चौकटीला एकच ठरावीक उंची देऊन मोकळा होतो. मग दोन ओळींच्या पानात रिकामे मैदान दिसते, आणि आठ ओळींच्या पानात खालच्या ओळी दडतात. शेरा लिहायला कीबोर्ड वर आला की उरलीसुरली जागाही जाते.

तिसरी खाच सर्वांत फसवी आहे. फोनची स्मृती वाचवण्यासाठी व्ह्यूपेजर सगळी पाने एकदम तयार करत नाही. पहिल्या आवृत्तीत समोरचे पान आणि त्याच्या शेजारचे पान एवढेच आपोआप तयार होते. दुसऱ्या आवृत्तीत शेजारचे तयार असेल असेही गृहीत धरता येत नाही. म्हणजे पहिल्याच पानावर असताना कोणी 'जतन' दाबले, तर तिसरे पान अजून अस्तित्वातच नसते. ॲप बनवणाऱ्याने याची काळजी घेतली नसेल, तर न जन्मलेल्या पानाला उत्तर विचारले जाते आणि ॲप तरी बंद पडते किंवा रकाना कोरा तरी जातो. वापरणाऱ्याच्या मनात मात्र तिन्ही पाने डायरीच्या पानांसारखी सदैव हजर असतात.

चौथी खाच आपल्या भाषेची. अशी चौकट साधारण ३०० एकके रुंद धरली, तर तीन कप्प्यांना प्रत्येकी १०० एकके, म्हणजे जेमतेम १६ मिलिमीटर मिळतात. 'नोंद' मावते. 'वैज्ञानिक दृष्टिकोन' मावत नाही. त्याचे शेपूट तुटून तीन टिंबे उरतात. मग कप्प्याचे नाव वाचून आत काय आहे हे कळावे, हा मूळ उद्देशच बुडतो.

बोट कोणाचे?

संध्याकाळी चूक उघडकीस आली तेव्हा आमची पहिली प्रतिक्रिया अशी होती : "आम्हालाच हे नीट जमत नाही." ही प्रतिक्रिया शिक्षकांच्या ओळखीची असेल. माहिती नीट गेली नाही, की 'तुम्हाला तंत्रज्ञान जमत नाही' असे वरून ऐकू येते आणि हळूहळू आपणही ते मान्य करून टाकतो. नॉर्मन यांनी रोजच्या वापरातील वस्तूंच्या मानसशास्त्रावर १९८८ मध्ये एक पुस्तक लिहिले. कळत नसलेले दार ढकलावे की ओढावे, असल्या साध्या प्रसंगांपासून सुरुवात करून त्यांनी दाखवले, की माणसे ज्या चुकांबद्दल स्वतःला बोल लावतात त्यांतल्या पुष्कळ चुका वस्तूच्या घडणीत आधीच रुजलेल्या असतात. अनेकांच्या हातून तीच चूक होत असेल, तर हात तपासण्याऐवजी हत्यार तपासावे.

पण इथे आम्हाला एक कबुली दिली पाहिजे. हत्यार घडवणाऱ्यांत आम्हीही होतो. ते ॲप तयार होत असताना आमचा सल्ला घेतला गेला होता, आणि "सगळे एका पानावर गर्दी करू नका, तीन कप्पे करा," ही सूचना आमचीच. ॲप बनवणाऱ्या तरुणाने तयार भाग जोडून ते करून दिले. आम्ही ते खुर्चीत बसून, दोन्ही हात मोकळे ठेवून, तीन खोट्या नोंदी भरून तपासले आणि 'छान' म्हटले. प्रदर्शनाच्या मांडवात, एका हातात डायरी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोन चालवत, भोवती मुलांचा गलका असताना ते कसे चालेल, याची तपासणी कोणी केली नाही. ज्या कप्प्याच्या पोटात स्वतः आडवी सरकणारी वस्तू आहे, तिथे पाने सरकवण्याची सोय ठेवू नये, असे गूगलच्या आराखडाविषयक सूचनांत सांगितलेले आहे. ती सूचना आम्ही वाचली ती नंतर.

असे का होते? एक कारण म्हणजे मागण्या वाढत जातात. प्रत्येक विभागाला आपला एक रकाना हवा असतो आणि पडदा तर तेवढाच असतो. कप्पा केला की सर्वांना जागा मिळाल्यासारखे वाटते. वास्तविक जागा वाढलेली नसते, फक्त दोन भाग झाकले जातात. दुसरे कारण, बनवणाऱ्याला तिन्ही पानांत काय आहे हे पाठ असते. त्याच्यासाठी झाकलेले पान झाकलेले नसतेच. पाठ असलेला धडा वर्गाला समजला आहे की नाही, हे स्वतःला विचारून कळत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

जिथे ही रचना शोभते

म्हणून कप्पे आणि सरकवणे सरसकट टाकाऊ ठरवायचे का? तसे नाही. मोबाइलच्या कीबोर्डवर हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांच्या चित्रांचा जो संच असतो, त्यातही कप्पे असतात, आणि तो पुष्कळदा बोटाने सरकवताही येतो. तिथे कोणाचे नुकसान होत नाही, कारण चित्रावर बोट ठेवले की काम तिथल्या तिथे पुरे होते; मागच्या कप्प्यात काही अर्धवट राहत नाही. एखाद्या विद्यार्थ्याची माहिती नुसती पाहायची असेल, एका कप्प्यात पत्ता, दुसऱ्यात उंची-वजन, तिसऱ्यात मागील वर्षांचे गुण, तर तिथेही कप्पे सोयीचेच. कसोटी एकच : झाकलेल्या पानात अपुरे किंवा बदललेले काही राहू शकते का? राहू शकत असेल, तर ते पान झाकू नये. पाहण्यासाठी कप्पे चालतील. भरण्यासाठी एकच पान बरे.

यावर आक्षेप येईल, की एकच लांब पान केले तरी खालचा भाग दडलेलाच असतो. खरे आहे. पण फरक आहे. वरून खाली जाताना प्रत्येक प्रश्न डोळ्यांखालून जातो, आणि 'जतन'चे बटण तळाशी ठेवले तर तिथे पोचण्याचा रस्ताच सर्व प्रश्नांवरून जातो. बोटाची दिशा उभी, तेव्हा आडव्या वस्तूशी तिची गल्लत कमी. पान फारच लांब होत असेल तर 'पुढे' आणि 'मागे' अशी नाव लिहिलेली बटणे देऊन टप्पे करावेत, आणि शेवटच्या टप्प्यात भरलेले सर्व एकत्र वाचायला द्यावे. निदान, कप्पे ठेवायचेच असतील तर सरकवणे बंद करावे. व्ह्यूपेजरच्या दुसऱ्या आवृत्तीत ते एका ओळीच्या सूचनेने बंद होते. बाहेर बोट लागल्यावर चौकट मिटू नये, ही व्यवस्थाही तितकीच सोपी आहे.

२०२४ च्या प्रदर्शनासाठी त्या ॲपमधून चौकट काढून टाकली. आता एक साधे लांब पान आहे. सरकपट्टीच्या जागी एक ते दहा आकडे ओळीने मांडले आहेत, हवा त्यावर बोट ठेवायचे. जतन करण्यापूर्वी सर्व गुण एकाखाली एक दिसतात. पान पूर्वीइतके सुबक दिसत नाही, हे कबूल.

वर्गात करून पाहण्याजोगे

हा प्रश्न मुलांनाही समजावून देता येतो, आणि त्याला मोबाइल लागत नाही. पुठ्ठ्यात पोस्टकार्डाएवढी खिडकी कापावी. मागून सरकेल अशी कागदाची एक पट्टी घ्यावी आणि तिच्यावर शेजारी शेजारी तीन पाने आखावीत. नऊ साधे प्रश्न तीन-तीन करून त्या पानांवर लिहावेत. तेच नऊ प्रश्न दुसऱ्या एका कागदावर सलग लिहावेत. अर्ध्या वर्गाने खिडकीतून उत्तरे भरावीत, अर्ध्या वर्गाने सलग कागदावर. कोणाला किती वेळ लागला, कोणाचे किती प्रश्न सुटले, हे फळ्यावर मांडावे. मग गट बदलून पुन्हा करावे, म्हणजे फरक मुलांच्या हुशारीचा नसून रचनेचा आहे का, ते तपासता येईल. नवी साधने बनवणारे लोकही पहिला आराखडा अशाच कागदावर करून तपासतात. आपल्या वर्गातली काही मुले पुढे ॲप बनवणार आहेत; चुकणाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी रचनेकडे पाहावे, एवढे त्यांच्या लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.

आम्हाला मात्र त्या मुलीच्या दुसऱ्या पेल्याची आठवण राहिली आहे. कागद सोडून ॲप घेताना, पहिल्या वर्षी तरी दोन्ही शेजारी शेजारी ठेवायला हवे होते. एकाच प्रयोगाचे गुण कागदावरही लिहायचे, ॲपमध्येही भरायचे, आणि दोन्ही जुळतात का पाहायचे. आम्ही तसे केले नाही. ते ज्या एका बाईंनी आपणहून केले, त्यांच्या डायरीमुळे निदान एका मुलीचे पाच गुण परत मिळाले. दुसरा पेला ठेवल्याबद्दल आम्ही त्या मुलीला दहापैकी आठ गुण दिले होते. त्याच सदराखाली आम्हाला किती मिळाले असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.